ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंटशी नक्की काय बोलायचं?

वॉर्डसिस्टर:
सर्जिकल वॉर्डला लागून आठ महिने झालेत. आदल्या रात्री पेशंट टक्क जागे असतात आणि मी "घाबरू नका, काही होत नाही" म्हणून पुढे जाते. परवा हर्नियाच्या एका आजींना तेच म्हटलं, त्या हो हो म्हणाल्या आणि नंतर पांघरुणात तोंड घालून रडत होत्या, शेजारच्या बेडवरच्या बाईंनी सांगितलं. फार लागून राहिलंय मनाला. तुम्ही काय बोलता अशा वेळी?

भूलवाली:
मी भूलतज्ज्ञ आहे. "घाबरू नका" म्हटलं की समोरच्याचं बोलणं तिथेच खुंटतं बघ. मी स्टूल ओढून बसते आणि विचारते, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटतेय? मग गप्प बसते. कुणाला मध्येच जाग येईल अशी भीती असते, कुणाला भुलीत काहीबाही बोलून जाऊ अशी, एका काकूंना तर फक्त सगळ्यांसमोर कवळी काढायची लाज वाटत होती, ती आम्ही थिएटरच्या दारापर्यंत ठेवू दिली. जी भीती असेल तिचंच उत्तर द्यायचं. जाग येईल म्हणणाऱ्याला मी सांगते की भूल देऊन आम्ही निघून जात नाही, पूर्ण वेळ उशाशी असतो, नाडी बीपी ऑक्सिजन बघत. आणि "अजिबात दुखणार नाही" असं कधीच म्हणू नकोस, दुखेल पण त्यावर औषध आहे, दुखलं की लगेच सांगा, असं म्हण. 1964 मध्ये बोस्टनला पोटाच्या ऑपरेशनच्या 97 पेशंटवर अभ्यास झाला होता, ज्यांना भूलतज्ज्ञाने आधी भेटून हे सगळं नीट समजावलं त्यांना नंतर वेदनाशामक निम्मंच लागलं.

खडेवाला:
माझं पित्ताशयाचं झालं तेव्हा थिएटरमध्ये ही थंडी, वर मोठे दिवे, सगळे मास्कमध्ये आणि आपापसात बोलतायत, मी नुसता पडलेलो. एका सिस्टरने नाव सांगितलं, हात धरला आणि प्रत्येक गोष्ट आधी सांगत गेली, आता बोटाला चिमटा लावतेय, आता दंडाचा पट्टा आवळेल. तिचा चेहरा मी बघितलाच नाही पण आवाज अजून ओळखेन.

जुनीसिस्टर:
एक सांगते, सगळ्यांना सगळं ऐकायचं नसतं, आधी विचार, किती सांगू? आणि "आमच्या घरात एकजण भुलीतच गेला" असं कुणी म्हणालं तर नुसता धीर देऊन सोडू नकोस, त्याच रात्री भूलतज्ज्ञांना कळव, काही त्रास रक्ताच्या नात्यात असतात आणि मग भुलीची औषधं बदलावी लागतात. ऑपरेशनच नको म्हणाले तर समजूत घालत बसू नकोस, सर्जनना बोलाव.

वॉर्डसिस्टर:
आज स्टूल घेऊन बसले एका काकांजवळ. त्यांना ऑपरेशनची भीती नव्हतीच, बायकोला ऐकू कमी येतं, ती बाहेर एकटी बसणार आणि झालं की तिला कोण सांगणार, एवढंच डोक्यात होतं. काकूंना भेटले, कुठल्या बाकावर बसायचं ते दाखवलं आणि थिएटरला चिठ्ठी दिली की जवळ जाऊन मोठ्याने सांगा. परत आले तर काका झोपले होते.