मारिया टेल्केस यांच्यावरील भाषणात डोव्हरच्या घराचा भाग ठेवावा का?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका, फोंडा)

28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त मला दहावीच्या मुलांसमोर सौर ऊर्जेच्या शास्त्रज्ञ मारिया टेल्केस यांच्यावर बोलायचे आहे. 1900 साली बुडापेस्टमध्ये जन्म, तिथेच भौतिक रसायनशास्त्रात डॉक्टरेट, मग अमेरिका आणि पुढे एमआयटीचा सौर प्रकल्प, इथवरची टिपणे तयार आहेत. अडचण पुढच्या भागाची आहे. 1948 साली मॅसॅच्युसेट्समधील डोव्हर या गावी केवळ उन्हावर उबदार राहणारे त्यांचे घर उभे राहिले. आराखडा एलिनॉर रेमंड या वास्तुविशारद बाईंचा आणि पैसा अमेलिया पीबडी या शिल्पकार बाईंचा. मात्र तिसऱ्या हिवाळ्यात तिथली यंत्रणा निकामी झाली. विज्ञान दिनाच्या भाषणात अपयश नको, असे सहकाऱ्यांचे म्हणणे पडले. शिवाय घर गरम का ठेवायचे, हेच आपल्या मुलांना समजावून सांगावे लागेल. हा भाग गाळावा का?

उत्तर (निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापक, म्हापसा)

बाई, कृपया गाळू नका, कारण टेल्केस यांचे खरे शास्त्र त्याच भागात आहे. ऊन दिवसा मिळते आणि ऊब रात्री लागते, म्हणून उष्णता साठवायची कशात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी ग्लॉबर लवण, म्हणजे स्फटिकात पाणी बांधून ठेवणारे सोडियम सल्फेट, निवडले. ते सुमारे 32 अंश सेल्सिअसला वितळते आणि वितळताना किलोमागे साधारण 250 किलोज्यूल उष्णता पोटात घेते. तेवढेच पाणी 10 अंशांनी तापवले तर जेमतेम 42 किलोज्यूल साठतात. रात्री लवण गोठू लागले की ती उष्णता खोल्यांना मिळावी, अशी योजना होती.

बिघाडाचे कारणही दहावीच्या मुलांना समजेल असे आहे. हे लवण बर्फासारखे सरळ वितळत नाही. त्यातून सुटलेले निर्जल सोडियम सल्फेट तळाशी बसते, थंड होताना वरच्या पाण्याशी पुरते जुळत नाही, आणि प्रत्येक फेरीगणिक साठवणक्षमता घटत जाते. दुसरी अडचण अशी की द्रावण गोठणबिंदूखाली जाऊनही कधी कधी द्रवच राहते. त्यावर थोडा टाकणखार मिसळण्याचा उपाय त्यांनी स्वतः 1952 साली प्रसिद्ध केला, आणि मिश्रण दाट करून कण तरंगत ठेवण्याच्या पद्धतीचे पेटंट 1970 च्या दशकात घेतले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. एवढी वर्षे एकाच लवणामागे लागलेली बाई मुलांना दिसली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

उत्तर (आगरवाडा, पेडणे)

सरांशी सहमत आहे. एक जोड सुचवतो. दुसऱ्या महायुद्धात टेल्केस यांनी समुद्रात अडकलेल्या सैनिकांसाठी फुगवता येणारे पारदर्शक प्लास्टिकचे सौर ऊर्ध्वपातन यंत्र तयार केले. त्यात खाऱ्या पाण्याची उन्हाने वाफ होई आणि त्या वाफेचे पिण्याजोगे पाणी गोळा होई. आमचे घराणे मिठागरातले आहे. मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, खाडीचे पाणी आत घेऊन उथळ वाफ्यांत पसरायचे, ऊन आणि वारा पाणी नेतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये वाफ्याच्या कडेला पहिली पांढरी साय धरते. आम्ही मीठ ठेवून पाणी जाऊ देतो, त्यांनी मीठ मागे टाकून पाणी धरले. घराच्या उबेआधी हे सांगितलेत, तर पेडण्यातल्या मुलांना तरी वेगळे समजावावे लागणार नाही.

पुन्हा प्राध्यापक

मिठागराचा दाखला उत्तम आहे. गोठताना उष्णता बाहेर पडते हे मुलांना प्रयोगाने दाखवायचे असेल तर मात्र ग्लॉबर लवण नको, आपल्या हवेत ते नीट गोठणार नाही. प्रयोगशाळेतील हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, घ्या, ते 48 अंशांच्या आसपास वितळते. स्वच्छ परीक्षानळीत वितळवून न हलवता खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग त्यात हायपोचा एकच खडा टाका.

मूळ प्रश्नकर्त्या

आज दुपारी करून पाहिले. पहिल्या नळीत बहुधा न वितळलेला कण राहिला असावा, ती आधीच गोठली. दुसरीत खडा पडताच सुया झरझर खाली पसरल्या आणि गार असलेली नळी हातातच उबदार झाली. भाषणाची सुरुवात आता मिठागरापासून करते, आणि डोव्हरच्या घराची पाळी आली की ही नळी पहिल्या बाकावरून फिरवते.