मदत हवी आहे: रोज ऑफिसला जातो, पण २६एएसमध्ये (कापलेल्या कराच्या नोंदीत) १९४जे (पगारावरची नव्हे, फीवरची कपात) दिसतंय

चिंतातुर_जंतू: मंडळी, घाई आहे. फॉर्म १६ (पगारावर कापलेल्या कराचा दाखला) मागितला तर एचआरनं १६ए (पगार सोडून इतर रकमेवरचा) हातात ठेवला. म्हणे तू एम्प्लॉयी नाहीस, कन्सल्टंट आहेस! अरे, रोज दहा ते सात तिथेच बसतो, लॅपटॉप त्यांचा, रजा हवी तर मॅनेजरला मेल. आयकर रिटर्नचा कुठला फॉर्म, आयटीआर-१ (पगारदारांचा) भरू की ४ (ठोकळ नफा दाखवणाऱ्यांचा)? लवकर सांगा.

जुनं_खोड: कुठलं वर्ष? रक्कम किती? काम काय? करारात काय लिहिलंय? सगळं पोटात ठेवायचं आणि वर "लवकर सांगा".

चिंतातुर_जंतू: सॉरी. २०२५-२६. सॉफ्टवेअर टेस्टिंग. महिना ६५,०००, दहा टक्के कापून हातात ५८,५००. करार सही करताना वाचला नव्हता. आता बघितला, "रिटेनर" (ठरावीक फीवरचा सल्लागार) लिहिलंय.

आकडेमोड: ४४एडीए (पेशेवाल्यांसाठी ठोकळ नफ्याचं कलम) लावा. वर्षाचे ७.८० लाख, निम्मे नफा म्हणून दाखवा, आयटीआर-४, विषय संपला. मी दरवर्षी हेच करतो.

जुनं_खोड: कसा संपला? ४४एडीए ठरावीक पेशांनाच आहे, टेस्टिंग त्यात बसतं का ते आधी बघा. शिवाय एकाच साहेबाच्या हाताखाली राबणारा माणूस कन्सल्टंट कसा? १९५६ च्या ध्रांगध्रा केमिकल वर्क्स खटल्यात मिठागरातल्या अगरियांना मिठाच्या वजनावर पैसे मिळायचे, तरी सुप्रीम कोर्टानं त्यांना कामगारच मानलं. काम कसं करायचं हे मालक ठरवतो का, हा मुद्दा.

आकडेमोड: तो निकाल औद्योगिक विवाद कायद्याखालचा. रिटर्नला काय चिकटवताय?

हिरवी_मिरची: जीएसटी नंबर घेतलात का? नाहीतर नोटीस येते.

आकडेमोड: मिरचीताई, सेवांना २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. घाबरवू नका त्यांना.

हिरवी_मिरची: माझ्या दिराला आली होती. असो. घरभाड्याच्या पावत्या मात्र जपून ठेवा हं.

पानपट्टी: तांत्रिक सेवा असेल तर १९४जेमध्ये २ टक्केच कापतात, १० का कापले?

शांताराम_भरोसे: भांडताय कशावर? नव्या करप्रणालीत त्या वर्षी १२ लाखांच्या उत्पन्नापर्यंत रिबेट (करमाफी) आहे. पगार धरा नाहीतर फी, दुसरं उत्पन्न नसेल तर कर शून्यच. कापलेले ७८,००० परत येतील. पण आयटीआर-१ भरू नका. टीडीएस (आधीच कापलेला कर) १९४जेचा आणि उत्पन्न पगारात दाखवलंत तर रिफंड तिथेच अडकेल. ३ की ४ ते सीएला ठरवू द्या, करार सोबत न्या. तुमचं नुकसान कराचं नाहीच, पीएफचं आहे. पीएफ लागू होतो का ते माणसांच्या संख्येवरही ठरतं, ऑफिसात किती माणसं?

चिंतातुर_जंतू: चाळीसेक. निम्मे माझ्यासारखेच. पीएफ कोणालाच नाही.

जुनं_खोड: बघा! तरी म्हणत होतो.

आकडेमोड: मूळ पगार १५,००० च्या वर आणि आधी कधी पीएफ खातं नसेल तर सक्ती नाही, खोडसाहेब.

शांताराम_भरोसे: बरोबर. जंतूराव, आधी कुठे नोकरी होती का?

चिंतातुर_जंतू: हो, दोन वर्षं. तिथला पीएफ तसाच पडलाय, काढला नाही. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) पण आहे. का?

शांताराम_भरोसे: हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतंत! मग १५,००० ची ती सवलत तुम्हाला लागू नाही. करार, हजेरीचा रेकॉर्ड आणि रजेचे मेल आजच घरच्या मेलवर घ्या. एचआरला त्यानंतर विचारा.

पानपट्टी: ते २ टक्क्यांचं राहिलंच.