चॉकलेट मोदकांसाठी साचा कोणता घ्यावा?

पाचखाद्य: गणपतीसाठी २१ मोदक करायचे आहेत. वरून डार्क कंपाऊंड (कोको बटरऐवजी वनस्पती तेल असलेलं चॉकलेट), आत गुलकंद-खोबरं. बाजारात पातळ पारदर्शक प्लास्टिक, सिलिकॉन आणि जाड पॉलीकार्बोनेट असे साचे दिसतात. माव्याच्या मोदकाचा दोन फाळ्यांचा साचा चालेल का? घरात एसी नाही.

कोकोवडी: सिलिकॉनच घ्या. मोदकाच्या कळ्या खोल आणि टोक निमुळतं. सिलिकॉन अलगद सोलून काढता येतं, कडक साच्यात टोक आतच तुटून राहतं. फाळ्यांचा साचा दाबून भरायच्या मिश्रणासाठी असतो. पातळ चॉकलेट सांध्यातून गळतं.

घेण्याआधी खण किती मोठा ते विचारा. घरी असेल तर पाण्याने भरून मोजा: १० मिली पाणी मावलं तर भरीव मोदकाला साधारण १२ ग्रॅम चॉकलेट लागतं. मग साचा पूर्ण कोरडा करा, पाण्याच्या एका थेंबानेही चॉकलेट घट्ट गोळा होतं. एवढ्या खणाच्या २१ भरीव मोदकांना साधारण २५० ग्रॅम लागेल. सारण भरणार म्हणून तेवढंच वितळवा, थोडं उरेल.

सिलिकॉन लवचिक असल्याने साचा उपडा करून कवच करणं कठीण जातं. साचा ताटात ठेवा, ब्रशने दोन हात द्या, टोकाला जरा जास्त. प्रत्येक हातानंतर ५ मिनिटं फ्रीज. गुलकंदाचा पाक निथळून घ्या, नाहीतर तो तळाशी झिरपतो. सारण गार हवं, आणि वर २-३ मिमी जागा सोडून चॉकलेटने बंद करा.

साचेबद्ध: सिलिकॉनला मान्य, पण त्यावर आरशासारखी चकाकी येत नाही. ती हवी असेल तर पॉलीकार्बोनेट आणि टेंपर केलेलं (ठरावीक तापमानांतून नेलेलं) कुव्हर्चर, म्हणजे कोको बटर जास्त असलेलं चॉकलेट: डार्क ४५ अंशांपर्यंत वितळवून २७-२८ वर आणायचं, पुन्हा ३१-३२. थंड होताना ते आकसतं म्हणून सुटतं. साचा खालून पाहा. सगळीकडे रुपेरी दिसला की सुटलाय, काळपट डाग असतील तर थांबा. असा साचा घासणीने कधीच घासू नका, ओरखडा मोदकावर उमटतो. पातळ प्लास्टिक एका सणापुरतं ठीक, कोपऱ्यात लवकर तडकतं.

कोकोवडी: भाद्रपदातल्या दमट हवेचं लक्षात ठेवा. फ्रीजमधून काढलेले मोदक बंद डब्यातच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. उघडे ठेवलेत तर दव धरतं, साखर विरघळून वर पांढरे डाग पडतात.