मदत हवी आहे: बाबांसाठी उन्हात टिकणारा फोन

नमस्कार मंडळी. बाबा कळमन्याला मिरचीच्या आडतीवर दिवसभर असतात. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की त्यांचा फोन इतका तापतो की चार्जिंगच थांबतं, आणि नेमके तेव्हाच व्यापाऱ्यांचे फोन येतात. ॲपल स्वतःच सांगते, आयफोन ० ते ३५ अंशांत वापरा. मग नागपूरकरांनी करायचं काय? जाहिरातींत सगळा भर कॅमेऱ्यावर, उन्हाबद्दल अवाक्षर नाही. सॅमसंगने एस२४ पासून ७ वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं, ते मला फार आवडलं, पण तो फोन बजेटबाहेर. २० हजारांच्या आत, भर उन्हात स्क्रीन दिसेल आणि कमी तापेल असा कोणता? सर्व्हिस सेंटर सीताबर्डीकडे असलं तर बरं. इथला एक तरी उन्हाळा वापरलेल्यांनी नक्की सांगा.