लातूरला ठेवलं की इंजिनिअरिंग पाण्यासारखं?

सातरस्ता: काल इथं एका पालकांनी लिहिलं, "पोराला अकरावी-बारावीला लातूरला टाका, पुढं इंजिनिअरिंग पाण्यासारखं जातं." राहवलं नाही. मी सोलापुरात फर्स्ट इयरला मॅथ्स शिकवतो. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, निगेटिव्ह नाही. पर्याय घालून बघायचे, जुळला की पुढं. परीक्षाच तशी, पोरांचा दोष नाही. पण एम-वनला, म्हणजे फर्स्ट इयरच्या गणिताच्या पहिल्या पेपरला, कोरं पान असतं. ९८ पर्सेंटाइलवाला विचारतो, "सर, किती स्टेप लिहायच्या?" रोजची टेस्ट, रोजचं वेळापत्रक कुणीतरी हातात देतंय तोवर ठीक. ते सुटलं की पहिल्याच सेमला केटी, म्हणजे विषय राहतो.

जुळेसोलापूरकर: सर, लातूर आतून बघितलंय का? मी दोन वर्षं काढलीत. सकाळी टेस्ट, संध्याकाळी चुकलेली गणितं परत. रूमवर रडलोय. पण सलग पाच तास बसायची सवय तिथंच लागली. मेकॅनिक्सला अख्खी बॅच फ्री बॉडी डायग्रामवर आपटली, मी निघालो. केटी पडणारे सोलापुरात शिकलेले नसतात का?

लॅबवाला: ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्रीला आहे. इंटिग्रेटेडची पोरं (नाव कॉलेजात, शिकणं क्लासमध्ये) आम्हाला फॉर्म भरताना दिसतात, मग थेट प्रॅक्टिकलला. ३० मार्कांची परीक्षा आणि ब्युरेट कुठून धरायची माहीत नाही. हे कसलं कडक शिक्षण?

पोरीची आई: आणि त्या ३० पैकी २८ देतं कोण? तुम्हीच ना! माझ्या पोरीनं जर्नल स्वतः लिहिलं, पाणी यायच्या दिवशी पहाटे हंडे भरून मग लिहिलं. शेजारच्यानं पैसे देऊन लिहून घेतलं. दोघांना सारखेच मार्क.

लॅबवाला: ताई, कमी दिले की दुसऱ्या दिवशी पालक दारात.

पोरीची आई: मी आले होते का?

जुळेसोलापूरकर: जर्नल सगळेच उतरवतात हो. मीपण उतरवलं.

पोरीची आई: बघा, लातूर पॅटर्नवाले!

पार्कचौक: भाची पुण्यात आयबीला, म्हणजे त्या आंतरराष्ट्रीय बोर्डाला होती. स्वतः विषय निवडून ४००० शब्दांचा निबंध लिहायचा, सर फक्त वाट दाखवणार. कॉलेजात तिला लायब्ररीची भीती वाटली नाही. तयारी म्हणतात ती ही.

जुळेसोलापूरकर: फी पण लिहा की. आमच्या वडिलांनी लूम विकला असता तरी भागलं नसतं.

पार्कचौक: फीचं खरंय. पद्धतीबद्दल बोलत होतो.

सातरस्ता: चला, बसायची सवय लातूरची, मान्य. वर्गात तुमच्यासारखे दोघे-चौघे असतातही. बाकीचे पाच तास बसतात आणि नोट्सची वाट बघतात.

जुळेसोलापूरकर: दोघे-चौघे? धन्यवाद, सर. बारावीत एवढी मोठी शाबासकी नव्हती मिळाली.

पोरीची आई: २८ मार्कांचं उत्तर राहिलंय. लॅबवाले ऑनलाइन दिसतायत.