घराण्याचा झेंडा करायचाय, सिंह-तलवारी सोडून काय ठेवता येईल?

रानजाई
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर गावी आमच्या घराण्याचं संमेलन ठरलंय, पुण्यामुंबईचे, बडोद्याचे, अमेरिकेतली दोन-तीन घरं असे सगळे येणारेत, आणि त्यातच कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय म्हणून अण्णाकाकांनी टूम काढली की आपल्याला एक झेंडा आणि चिन्ह पाहिजे, कव्हरवर, स्टेजवर, टीशर्टवर. चुलतभावाच्या पोराने मोबाइलवर लगेच करूनही टाकलं. ढाल, ढालीवर सोनेरी तोंडांचे तीन सिंह, मागे आडव्या तलवारी, वर मुकुट, खाली रिबिनीवर संस्कृत ओळ, त्याखाली आडनाव आणि "स्थापना" म्हणून एक साल, ते कुठून आणलं खंडोबालाच ठाऊक. ग्रुपवर सगळ्यांचे अंगठे पडलेत. आता आमच्याकडे पिढ्यानपिढ्या शेती, मास्तरकी आणि एसटी. तलवार कोणी धरल्याचं ऐकिवात नाही. मी नुसतं "जरा साधं करूया का" म्हटलं तर "मग तूच कर". तर कुलदैवत पालीचा खंडोबा, देवक पंचपल्लव, एवढं भांडवल आहे. यातून काय करता येईल? चित्रकला बेताची आहे.

ढालगज
पहिलं म्हणजे ती ढाल काढा. ढाल-मुकुट-रिबीन हा सगळा युरोपातला थाट आहे, आणि तिथेसुद्धा "अमक्या आडनावाचं चिन्ह" अशी गोष्टच नाही. इंग्लंडमध्ये ते चिन्ह एका माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांकडे जातं, बाकी त्याच आडनावाच्या शेजाऱ्याचा त्याच्यावर काडीचा हक्क नसतो. लंडनमध्ये त्यासाठी १४८४ पासून कॉलेज ऑफ आर्म्स नावाचं कार्यालय आहे. नेटवर आडनाव टाकून फ्रेम विकत मिळते ती निव्वळ दुकानदारी.

आणि आपल्याकडे हे आलं कसं तेही मजेशीर आहे. १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉय लिटनसाहेबाने संस्थानिकांना झेंडे वाटले, त्यावर प्रत्येकासाठी युरोपी पद्धतीची चिन्हं, ती बसवली रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालच्या एका सनदी अधिकाऱ्याने. झेंडे इतके जड की एकेक उचलायला दोन धिप्पाड हायलँडर (स्कॉटिश) सैनिक लागले असं लॉर्ड रॉबर्ट्स या ब्रिटिश सेनानीने लिहून ठेवलंय. पण त्यातसुद्धा जे लक्षात राहतं ते इथलंच. शिंद्यांचे नाग बघा, ढालीची चौकट पुसली तरी नाग बघून ग्वाल्हेर कळतं.

कृष्णाकाठ
अहो ताई, देवक पंचपल्लव असताना चिन्ह कसलं शोधताय? देवक हेच तुमचं चिन्ह. लग्नात देवक बसवतात, एकाच देवकात सोयरीक करत नाहीत, म्हणजे ओळख म्हणूनच ते वापरात आहे की. कुणाचं कळंब, कुणाचं मोरपीस, कुणाचं सूर्यफूल. पाच पानं काढायची, झालं. फक्त पाच झाडं कुठली ते घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, कारण वड, पिंपळ, उंबर, आंबा एवढं बहुतेकांचं जुळतं पण पाचव्याला घराघरात फरक असतो, आणि छापून झाल्यावर भर मांडवात कोणी तरी उठणार की हे आपलं नव्हंच.

भगवा मात्र करू नका असं माझं मत. भगव्याबद्दल आदर आहेच, पण दोन शेपट्यांचा भगवा गावात प्रत्येक मंडळाचा आहे, त्यात तुमचा ओळखायचा कसा?

ढालगज
पानांना अनुमोदन. जपानी लोकांची घराण्याची चिन्हं बघा, कामोन म्हणतात. बहुतेक सगळी एका रंगात, पुष्कळशी वर्तुळात बसणारी, पानं-फुलं भरपूर. तोकुगावांचं, म्हणजे तिथल्या शोगुन राज्यकर्त्यांचं, तीन पानं, टोकं मध्यभागी आलेली. मित्सुबिशीचं तीन शंकरपाळ्यांचं चिन्ह आपण गाड्यांवर बघतो ना, ते पण दोन घराण्यांच्या चिन्हांतून आलंय, मालक इवासाकींचे तीन चौकोन आणि ज्यांच्या पदरी ते होते त्या यामाउचींची तीन ओकची पानं. शाईचा एक ठसा मारून उठेल असं चिन्ह असलं की ते कव्हरवर, कापडावर, पत्रिकेवर कुठेही चालतं. ग्रेडियंट मारलेला सोनेरी सिंह झेरॉक्समध्ये काळा डाग दिसतो.

वकीलीणबाई
सिंहावरून आठवलं. तीन सिंह म्हणजे राजमुद्रेतले असतील तर लगेच काढायला सांगा. २००५ चा राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्धचा कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. संमेलनाला कोणी पोलीस येणार नाही हे मलाही कळतं, पण कुलवृत्तांत छापील असतो आणि वर्षानुवर्षं राहतो.
दुसरं, स्टेजजवळ तिरंगा लावणार असाल तर घराण्याचा झेंडा त्याच्यापेक्षा उंच नको, बरोबरीनेही नको आणि एकाच काठीवर तर नकोच. ध्वजसंहितेत हे स्पष्ट आहे.

उगाचच
हे सगळं कशासाठी पण? आधीच आडनाव ऐकून लोक जात हुंगतात, आता देवक झेंड्यावर लावा म्हणजे लांबूनच कळेल. आणि चार भाऊ जमिनीवरून कोर्टात असतील त्यांना एक झेंडा काय एकत्र आणणार आहे?

कृष्णाकाठ
@उगाचच जमिनीचं जाऊ द्या, ते घरोघरी आहे. जातीचा मुद्दा मात्र अगदीच चुकीचा नाही. माझं म्हणणं झेंडा संमेलनापुरता आणि वृत्तांतापुरता ठेवावा, गाडीच्या काचेवर स्टिकर म्हणून लावायला लागले की ते वेगळंच प्रकरण होतं.

फडफड
झेंडे-बॅनर छापायचाच धंदा आहे म्हणून लिहितो. अक्षरं टाकू नका. बारीक कापडावर एका बाजूने छापलं की मागून उलटं दिसतं, आणि दोन्हीकडून सुलटं पाहिजे तर मध्ये अस्तर घालून तीन थर शिवावे लागतात, तो झेंडा मग वाऱ्यावर उडत नाही, नुसता लोंबतो. डावी-उजवी बाजू सारखी असलेलं चिन्ह घ्या म्हणजे हा ताप मुळातच नाही. चिन्ह बरोबर मध्यात न ठेवता किंचित काठीकडे सरकवा, कारण बाहेरचं टोक सारखं फडफडतं, तिथलं काही दिसत नाही आणि विरतंही तेच आधी, त्या कडेला दोन-तीन शिलाया जास्त मारून घ्या. काठीच्या बाजूला नेफा शिवून घ्या.

रंग दोन, फार तर तीन. पिवळा-पांढरा एकमेकांवर ठेवायचा नाही, आणि लाल, निळा, हिरवा, काळा हेही एकमेकांवर नाही, फिक्यावर गडद किंवा गडदावर फिकं. युरोपातल्या ढालींचाच हा नियम आहे, पण झेंड्याला तंतोतंत लागू पडतो. टेस्ट सोपी आहे, डिझाइन साधारण तीन सेंटिमीटर रुंद छापायचं, पोस्टाच्या तिकिटाएवढं, आणि हात लांब करून बघायचं. तीन फुटी झेंडा साठ फुटांवरून जवळपास तेवढाच दिसतो. त्यात कळलं नाही तर मांडवाच्या शेवटच्या रांगेत कोणालाच कळणार नाही.

रानजाई
सगळ्यांचे आभार, उगाचच यांचेसुद्धा, कारण तोच प्रश्न माझ्या नवऱ्याने विचारला. काल बसून केलं: पिवळं कापड, म्हणजे भंडारा, त्यावर गडद हिरवी पाच पानं पंख्यासारखी, खाली देठं एकत्र. मधलं पिंपळाचं, त्याचं टोक लांब म्हणून ते वर चांगलं दिसतं. खरं तर पाचही पानं वेगवेगळी काढली होती पण तिकिटाएवढं केल्यावर वड आणि उंबर एकच दिसायला लागले, म्हणून आता मधलं सोडून चारही एकसारखी केली. अण्णाकाका म्हणाले भाजीच्या जुडीसारखं दिसतंय, पण नको म्हणाले नाहीत.

नवीनच भांडण निघालंय. आत्या म्हणते, लग्न होऊन आमचं देवक बदललं, मग आम्ही आणि आमच्या पोरांनी हा टीशर्ट घालायचा का नाही? काका लोक गप्प आहेत.

ढालगज
आत्याबाईंचा प्रश्न सगळ्या जगात अडलेला आहे. इंग्लंडमध्ये जुन्या रीतीने बायकांना ढाल नसे, शंकरपाळीसारखी तिरकी चौकट असे, आणि पुढे वारसा बहुतेक मुलाकडेच. कॅनडात १९८८ मध्ये त्यांनी स्वतःचं ऑफिस काढलं, तिथे मुलगा-मुलगी असा भेद ठेवला नाही. तुमचा झेंडा तर आत्ता जन्मतोय, नियम तुम्हीच करणार, मग कॅनडाचा उचला.

वकीलीणबाई
+१. आणि वृत्तांतात मुलींची शाखा छापणार आहात ना? ती छापा आधी, झेंड्याचं आपोआप मिटेल.

फडफड
पिवळ्यावर हिरवं एकदम बरोबर. लिंबाचा पिवळा घेऊ नका, हळदीचा सांगा, फोनवर रंग दाखवू नका, दुकानात भंडाऱ्याची पुडी घेऊन जा आणि तिच्याशी कापड लावून बघा.