लॉक चार दिवसांपुरती का उघडतात?

इंग्लंडमधल्या लीड्स-लिव्हरपूल कालव्याची लॉक, म्हणजे बोटींना वर-खाली नेणारे दरवाजे असलेले पाण्याचे हौद, पाणीटंचाईत पाऊस झाला तरी बंदच आणि मग अचानक चार दिवसांपुरती उघडतात, हा निव्वळ ढिसाळपणा आहे, अशी काही जणांची तक्रार असते. मला ते पटत नाही. हा कालवा पेनाइन डोंगर ओलांडतो. माथ्यावरून पलीकडे जाणारी प्रत्येक बोट चढताना एक लॉकभर आणि उतरताना आणखी एक लॉकभर पाणी माथ्यावरून खाली सोडते. एका लॉकचं पाणी म्हणजे सुमारे अडीच लाख लिटर! ते भरून काढायचं फॉलरिज, विंटरबर्न अशा तलावांतून, आणि तापलेल्या उन्हाळ्यानंतरचा पहिला पाऊस तर जमीनच पिऊन टाकते. २०१० साली याच कारणाने विगन ते गार्ग्रेव्ह हा जवळपास १०० किलोमीटरचा पट्टा बंद करावा लागला होता.

अडकलेल्या बोटींना त्या चार दिवसांत किती दिलासा मिळतो, ते मी गार्ग्रेव्हला पाहिलंय. स्वयंसेवक एकट्या बोटीला आत घेतच नव्हते. जोडीदार आला की सात-सात फूट रुंद दोन बोटी १४ फूट रुंद लॉकमध्ये अगदी खेटून उभ्या करायच्या. वरून येणारी जोडी असेल तर तिला आधी उतरवायचं, म्हणजे त्याच रिकाम्या लॉकमधून आपण चढतो. संध्याकाळी दरवाज्यांना साखळी-कुलूप. आणि बंद काळातही कालवा पूर्ण कोरडा पडू देत नाहीत, कारण तळाशी ठासलेली चिकणमाती वाळली की तडकते आणि मग पाणी आलं तरी झिरपून जातं.